पंपापाशी लावलेलं चित्र

ता. ३ नोव्हेंबर, सोमवार

चि. रेघोटीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी कोण आलं असेल? समोरची शिंपीण! पार्सलवाल्याची गाडी अजून कोपऱ्यावर वळली नव्हती तोवर ही दारात हजर, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या धरून माणसाला इतकं बोलता येतं हे मला तिच्यामुळेच कळलं. नातीने काय पाठवलं, कधी पाठवलं, वजनाला जड की हलकं, सगळं विचारून झालं, तेव्हा कुठे मी सही केली. तिच्या मागोमाग रंगाच्या दुकानातले काका आले. ते म्हणे सहजच चालले होते. दुकान उघडं टाकून सहज कोण जातं गं?

मग काय, उघडावंच लागलं. तुझ्या त्या सोनेरी, काळ्या कागदी पेट्या बाहेर काढल्या आणि दोघंही वाकून बघायला लागले. शिंपिणीने तर तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. काळ्या पेटीला ती चंद्रकोरीसारखी खिडकी ठेवलीस ना, तिच्यात काकांनी बोट घालून पाहिलं. गुलाबी कागदाचा रंग त्यांच्या दुकानातल्या साऱ्या रंगांमध्ये नाही म्हणे, एक तुकडा फाडून न्यावा का असं विचारायला लागले. मी त्यांच्या हातातून पेटी काढून घेतली. तेवढ्यात शिंपिणीच्या अंगठ्याचा ठसा पांढऱ्या कागदावर उमटलाच. मशीनला नुकतंच तेल घालून आली होती बया. खोडरबराने हलकेच घासला, आता दिसत नाही. चष्मा लावला तर थोडा दिसतो.

म्हणून दोघांना चहा पाजून वाटेला लावलं आणि सगळं पुन्हा नीट गुंडाळून ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. किल्ली कुठे ठेवली ते लिहीत नाही. पत्र टपालातून जातं, चार हातांतून फिरतं, कुणी वाचलं तर? माझ्या लक्षात आहे, तेवढं पुरे.

पेट्या सुगंधवाल्यांना दाखवायच्या एवढंच तू चिठ्ठीत लिहिलंस. कोण सुगंधवाले, कधी दाखवायच्या, ते सविस्तर कळव. फोनवर सांगू नकोस, फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझी आत्या स्वतःच्या मनाने सांगते.

बाकी इकडे ठीक. पंपापाशी लावलेलं तुझं चित्र कोपऱ्यात भिजलं होतं, आजच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत खिळ्याला अडकवलं. आधी काय, मग काय ते त्यात बघितल्याशिवाय मला पाणी चढवता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. शिलाई मशीनवरचं आणि गॅसपाशी लावलेलं चित्र मात्र अजून ठणठणीत आहे.

पोटभर जेवत जा. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी
आजी

* * *

ता. ६ नोव्हेंबर, गुरुवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

शिंपीणकाकूंचा अंगठा वाचून आधी कपाळाला हात लावला आणि मग हसू आलं. असू दे. पण आता खरंच कुणाला दाखवू नकोस.

सविस्तर सांगते. जुनी नोकरी सोडल्यापासून मी आणि मैत्रीण मिळून ही एक खोली घेऊन बसलो आहोत. काम येतं, नाही असं नाही, पण कसं? आज केशकर्तनालयाची पाटी, उद्या कुणाच्या लग्नाची पत्रिका, परवा कुत्र्यांच्या बिस्किटांची पिशवी. सगळ्यांचं थोडं थोडं करणाऱ्याला कुणीच आपलं म्हणत नाही. म्हणून एका सल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी कागदावर तीन गोल काढायला लावले. एकात आपल्याला काय येतं ते, दुसऱ्यात मनात काय आहे ते, तिसऱ्यात कुणाला काय हवं आहे ते. तिन्ही गोल जिथे एकमेकांवर चढतात तिथला धंदा धरायचा आणि मग इकडेतिकडे बघायचं नाही. आमच्या भिंतीवर आता तो कागद आहे. येतं काय, तर अक्षर, रंग, कागदाची पारख. मनात काय, तर माझं केलेलं बघून वाटेने चाललेल्या माणसाने थांबावं. बस्स, एकदा थांबावं. कुणाला हवं, यात मी घरं बांधणारे, हॉटेलं, दवाखाने, खेळणीवाले आणि सुगंधवाले असे पाच लिहिले. मला विचारशील तर सुगंधवाले. कुपी हातात येण्याआधी पेटी हातात येते, आजी.

त्यांचा कारखाना तुमच्याच गावाबाहेर आहे. मालकीणबाईंनी नमुने मागितले, पण कागद हाताला कसा लागतो ते पडद्यावर कळत नाही, आणि मला इथून आत्ता निघता येत नाही. म्हणून पार्सल तुझ्याकडे. आत्याने शाळेतून येताना ते पोचवायचं असं माझ्या मनात आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. जुन्या ऑफिसने परत बोलावलं आहे, तीच खुर्ची, तेच साहेब. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं आहे. तोवर स्वतःचा एक धंदा ठरला नाही तर मला जावं लागेल, आणि परत गेले तर पुन्हा बाहेर पडायची हिंमत होणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण ठरेल. या पेट्या चांगल्या झाल्या आहेत.

आत्याला नमस्कार. तुझा हात डोक्यावर आहे असं धरून चालले आहे, तो काढू नकोस.

तुझी
रेघोटी

* * *

ता. १० नोव्हेंबर, सोमवार

चि. रेघोटीस आजीचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा दोन जास्त. वि. वि.

तुझे तीन गोल आत्याकडून दोनदा वाचवून घेतले. मग पोळपाटावर पिठाने काढून पाहिले. म्हटलं, आपणही जरा जुळवून बघू. लग्नं जुळवली आहेत मी, धंदा जुळवणं त्याहून कठीण नसावं. निदान धंद्याला सासू नसते.

घरं बांधणाऱ्यांना आधी खोडून टाक. त्यांच्या कागदावर खिडकीतून बाग दिसते आणि राहायला गेलं की शेजाऱ्याची मोरी. त्या बागा तू पुष्कळ काढल्यास जुन्या नोकरीत. हॉटेलवाल्यांचं मला पटत नाही, अंधार करून वळणदार अक्षरात यादी देतात आणि मग माणूस लाजेने शेजारच्या टेबलावर आहे तेच मागतो. दवाखान्याचं बरं होईल. मागे मी आणि तुझी आत्या बाणाच्या मागे मागे गेलो ते थेट धोब्याच्या खोलीत निघालो. तिथला धोबी फार सज्जन होता, बसायला स्टूल दिलं, त्याची मुलगी पण तुझ्याच वयाची. असो.

खेळण्यांचं म्हणशील तर तू खेळण्यांनी खेळलीसच कधी? आणलं की मोडायचं आणि आत काय आहे ते बघायचं. गजराच्या घड्याळाचं ते केलंस तेव्हा तुझ्या आजोबांनी आधी कान धरला, आणि मग तू भिंतीवर त्याची सगळी चाकं ओळीने काढून दाखवलीस ती बघत बसले. कान सोडायचं विसरूनच गेले. तेव्हापासून तर तू रेघोटी.

सुगंधवाल्यांना माझी ना नाही. माझ्या कपाटात एका कुपीची रिकामी पेटी किती वर्षं पडून आहे, टाकवत नाही. म्हणजे तू म्हणतेस त्यात तथ्य आहे. आत्या मात्र म्हणते की पहिल्या तारखेला पगार मिळतो ती नोकरी शहाण्याने सोडू नये आणि सोडली तर परत बोलावल्यावर पळत जावं. गणित शिकवून शिकवून तिच्या मनात बेरीजच राहिली आहे. मी तिला म्हटलं की तूही लग्नाचं विचारणाऱ्या त्या मुलाला नाही म्हणाली होतीस, त्याने परत विचारलं तेव्हा कुठे पळत गेलीस? त्यावर दोन दिवस तिने वह्या स्वतःच्या खोलीत नेऊन तपासल्या. घरात छान शांत होतं.

माझं एवढंच की तू परत त्या साहेबांकडे जाऊ नकोस. तिथे होतीस तेव्हा तुझ्या पत्रांत चित्रं येत नव्हती. आता पुन्हा यायला लागली आहेत.

डोळे सांभाळ. मायेची थाळी झाकून ठेवली आहे, येशील तेव्हा वाढते.

तुझी
आजी

* * *

ता. १३ नोव्हेंबर, गुरुवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. बेत बदलला. सुगंधवाल्या बाई स्वतःच तुझ्याकडे येणार आहेत, बुधवारी ता. १९ ला, चार वाजता. गावात त्यांचं काही काम आहे, वाटेत घर लागतं, तिथेच बघेन म्हणाल्या. मी यायचा फार प्रयत्न केला, पण त्याच दिवशी छापखान्यात उभं राहणं भाग आहे.

आजी, माझ्यासाठी एवढं कर. पार्सल आधीच उघडून टेबलावर मांडून ठेव, सोनेरी पेटी सगळ्यांत पुढे, खिडकीच्या उजेडात. त्यांना फार आग्रह करून खायला घालू नकोस. मी घड्याळ मोडलं ते सांगू नकोस. आणि माझी ती घरभर टांगलेली चित्रं, पंपापाशी, मशीनवर, गॅसपाशी, ती त्या दिवसापुरती काढून ठेव. ती कच्ची आहेत, पत्रात घाईने काढलेली. त्यांच्या नजरेला पडली तर वाटेल की मुलीचा हात असाच आहे.

आत्याला लवकर घरी यायला सांग. सगळं माझ्या मनासारखं होणार, बघ तू. डोक्यावरचा हात आता दोन्ही हातांचा कर.

तुझी
रेघोटी

* * *

ता. २० नोव्हेंबर, गुरुवार

चि. रेघोटीस आजीचे आशीर्वाद. हे पत्र आधी बसून मग वाच. वि. वि.

सगळं चांगलं झालं आहे, हे पहिल्यांदा लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तू मला शिव्या घालशील.

चार म्हणाल्या आणि तीनलाच हजर! आत्या शाळेत. मी जराशी आडवी झालेली. घंटी वाजली म्हणून उठले तर दारात उंच बाई, केस पांढरे, पण चाल घोड्यासारखी, आणि मागे एक किडकिडीत गृहस्थ, हात कोपरापर्यंत काळे. मी बाईंना आत बसवलं आणि त्या गृहस्थांना ड्रायव्हर समजून बाहेर बाकावर. चहाही बाहेरच दिला. ते बिचारे काही बोलले नाहीत, बिस्कीट बुडवून खात बसले.

आता किल्लीचं. मला वाटलं होतं की साडेतीनला ट्रंक उघडू आणि मांडून ठेवू, कारण आधी मांडलं की शिंपीण आलीच म्हणून समज. आणि किल्ली कुठे ठेवली ते आठवेना! बटणांच्या डब्यात बघितलं, उशीत बघितलं, तुझ्या आजोबांच्या फोटोमागे बघितलं, तिथे मागच्या वर्षी हरवलेला आत्याचा चष्मा सापडला. बाई पुढच्या खोलीत घड्याळाकडे बघतायत, मी आत ट्रंकेपाशी घाम पुसतेय. एवढ्यात बाहेरून त्या गृहस्थांनी हाक मारली की हात धुवायचे होते, नळाला पाणी नाही. मी आतूनच ओरडले की मागे पंप आहे, चित्रात दाखवलंय तसं करा.

हो, चित्र काढून ठेवलं नव्हतं. सकाळी पाणी चढवायचं होतं ना! मग दोन्ही राहून गेलं. खरं सांगू, मला ती काढवत नाहीत. भिंत उघडी पडते.

मला पंपाचा आवाज आला. मग बंद झाला. मग परत आला. परत बंद. माणूस काही येईना. बाई म्हणाल्या की हे गेले कुठे, टाकीत पडले की काय. आम्ही दोघी मागे गेलो तर हे पंपासमोर उकिडवे बसलेले, नळ धो धो वाहतोय आणि यांचे हात तसेच काळे. तुझ्या चित्राकडे बघतायत, बटण दाबतायत, पुन्हा बघतायत. पहिल्या चौकटीत पंपावरची टोपी काढणं, मग मग्ग्याने पाणी ओतणं, मग टोपी घट्ट, मग बटण. आणि शेवटची लाल फुलीची चौकट, पाणी न घालता बटण दाबलं की पंप हवा धरून खोकतो ती. त्या खोकणाऱ्या पंपाला तू मफलर काढला आहेस, त्यावर ते स्वतःशीच हसत होते.

तेव्हा कळलं की ते ड्रायव्हर नव्हेतच. कुप्या भरायची मोठी यंत्रं त्यांच्या कारखान्यात तयार होतात. बाईंचं एक यंत्र अडलं होतं म्हणून सकाळपासून त्याच्या पोटात हात घालून बसले होते आणि बाईंच्या गाडीतून स्टेशनला चालले होते. मला मेलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, आत चला, नीट बसा. ते म्हणाले की आधी एक सांगा, चित्रात बटण अंगठ्याने का दाबलंय? सगळे तर बोटाने दाबतात.

मी माझं दारात चेमटलेलं बोट दाखवलं. हे वाकतही नाही आणि सरळही होत नाही, त्याने बारीक बटण दबत नाही, म्हणून मी अंगठा लावते, आणि नातीला हे माहीत आहे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण ते उठून उभे राहिले. मग बाईंकडे बघून म्हणाले की हे जिने काढलंय तिने आधी दाबणारीचा हात पाहिलाय, आणि आमच्याकडे कुणी पाहतच नाही.

मग गाडीतून एक पुस्तक आणलं. विटेएवढं जाड. त्यांच्या यंत्राबरोबर हे देतात म्हणे, पाच भाषांत. मला एक पान उघडून दाखवलं, यातलं काय कळतं बघा. मी पानभर चष्मा फिरवला. नुसत्या रेघा, आकडे आणि बाण. मी विचारलं, यात हात कुठे आहे? यावर बाई इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, त्यांच्या कारखान्यात नवी बाई कामाला आली की पुस्तक उघडतच नाही, शेजारणीला विचारते, आणि शेजारीण जी चूक करते तीच ही शिकते. सुगंध जमिनीवर सांडतो, दिवसभर सगळ्यांची डोकी दुखतात. यंत्रवाले म्हणाले की सगळीकडून हेच फोन येतात, आणि आमचं पुस्तक आजवर कुणी खिळ्याला टांगलं नाही.

मग मशीनवरचं चित्र बघितलं, गॅसपाशी लावलेलं बघितलं. तू कोण, काय शिकलीस, एवढं बारीक कुठून येतं असं विचारलं. मी घड्याळाचं सांगितलं. माफ कर, पण न सांगून कसं चाललं असतं?

शेवटी ते म्हणाले की पंपापाशी लावलेलं चित्र चार दिवस नेऊ का, कारखान्यात दाखवून आणून देतो. मी हो म्हटलं. त्यांनी खिळ्यावरून पिशवी काढली आणि ठण्णकन् काहीतरी पंपावर पडलं. किल्ली! रोज ज्याच्याकडे माझं लक्ष जातं त्याच्या मागे ठेवली की विसरणार नाही, असं मीच ठरवलं होतं. म्हणजे बघ, तुझं ऐकून चित्र काढून ठेवलं असतं तर किल्ली वेळेवर सापडली असती, पेट्या मांडल्या असत्या, आणि ते गृहस्थ पाणी नाही म्हणून काळ्या हातांनीच गेले असते.

ट्रंक उघडली. बाईंनी एकेक पेटी हातात घेतली, बोट फिरवलं, हुंगली सुद्धा, त्यांची सवयच ती. सोनेरी पेटी फार आवडली, तशी एखादी करून घेऊ म्हणाल्या. पण हेही म्हणाल्या की पेट्या करणारे त्यांच्याकडे रांगेने येतात, त्यांतले दोघे तर पुष्कळ वर्षांचे आहेत, तुला त्या रांगेत उभं राहावं लागेल. यंत्राबरोबरची अशी चित्रं काढायचं काम म्हणशील तर रांगच नाही. त्यावर यंत्रवाले म्हणाले की मला ती पुरं वर्ष हवी. बाई म्हणाल्या की आधी माझ्या कारखान्यातली यंत्रं, मग तुमचं वर्ष. माझ्याच खोलीत, माझ्याच चहावर दोघं तुझ्यासाठी भांडले गं! मी मधे पडले नाही. तुला कळवते एवढंच म्हटलं. ठरवायचं तू.

आत्या आली तेव्हा गाडी वळत होती. तिने सगळं ऐकलं आणि पहिलं काय विचारलं असेल तर तिचा चष्मा कुठे सापडला.

पण मला रात्रभर एकच घोळत होतं. वाटेने चाललेल्या माणसाने एकदा थांबावं, असं तू लिहिलं होतंस ना? थांबला बघ. नळ उघडा टाकून.

रागावलीस तरी पत्र टाक. मायेला राग चालतो, मुक्यानं बसलेलं चालत नाही.

तुझी
आजी

* * *

ता. २३ नोव्हेंबर, रविवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

आधी रागावले. दोन गोष्टी खास सांगितल्या होत्या, पेट्या मांड आणि चित्रं काढ, तू नेमक्या त्याच दोन केल्या नाहीस. पत्र घडी करून ठेवलं आणि फिरायला गेले. परत आले, पुन्हा वाचलं, मफलरपाशी हसू आलं. मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली की झालं, आता सुगंध सोडून वंगण लावून घे अंगाला. ती आता मला कुशल कारागीर म्हणून हाक मारते.

मग मी भिंतीवरच्या तीन गोलांसमोर उभी राहिले. आपल्याला काय येतं त्या गोलात अक्षर होतं, रंग होता, कागद होता. तुझा पंप नव्हता. लिहायचा राहिला असंही नाही, गं. ते काम आहे असं मला वाटलंच नव्हतं. ते तर आजीला पत्र होतं. पेट्यांसाठी मी आठवडेच्या आठवडे डोकं धरून बसले, आणि पंप एका संध्याकाळी काढला, तुझं बोट आठवत, मजेत. जे सहज येतं त्याची किंमत मी धरलीच नाही.

आता मी चौथा गोल काढला नाही, तिसराच खोडून नवा लिहिला. धंद्यांची नावंच नाहीत त्यात. ज्या वस्तूच्या शेजारी समजावून सांगायला कुणी उभं नसतं, ती करणारे सगळे, एवढंच लिहिलं. कुप्या भरायची यंत्रं त्यात आली. दवाखान्यातून घरी दिलेलं वाफेचं यंत्र त्यात आलं, धोब्याच्या खोलीत नेणारा बाणही आला. इतके जण निघाले की कागद पुरला नाही. पाचांतला एक निवडायचा म्हणून मी रडकुंडीला आले होते!

काल यंत्रवाल्यांशी बोलले. मी म्हटलं की आधी यंत्र बघेन, मग ते चालवणारीचा हात बघेन, दिवसभर तिच्या शेजारी उभी राहीन, आणि मगच काढेन. रंगही माझे. तेलकट हात लागणार म्हणून चित्र कुरूप असायला हवं असं कुणी ठरवलेलं नाही. ते म्हणाले, मफलरही घाला. बाईंना सांगितलं की सोनेरी पेटीसाठी रांगेत उभी राहीन, पण या वर्षी नाही. त्या म्हणाल्या की रांग त्यांचीच आहे, नंबर धरून ठेवतील.

आणि जुन्या ऑफिसला नाही कळवलं. महिनाअखेरची वाट पाहिली नाही. साहेब म्हणाले की पस्तावशील. मी म्हटलं, बघू. भीती वाटते का, तर थोडी वाटते, नवी चप्पल चावते तेवढी. आत्याला सांग की बेरीज बरोबर येईल, फक्त तिला वेळ दे.

तुझा अंगठा जपून ठेव, मला अजून लागणार आहे. दोन्ही हात डोक्यावर तसेच राहू देत.

तुझी
रेघोटी

* * *

ता. २६ नोव्हेंबर, बुधवार

चि. रेघोटीस आजीचे आशीर्वाद, यावेळी मोजले नाहीत. वि. वि.

तुझं पत्र शिंपिणीला वाचून दाखवलं, रंगाच्या काकांना दाखवलं, पार्सलवाला दुसऱ्याच घरी चालला होता त्यालाही थांबवून दाखवलं. आत्याने स्वतःहून मागून घेतलं. वाचून झाल्यावर घडी घालून परत दिलं, आणि संध्याकाळी शाळेतून येताना रंगीत पेन्सिलींची डबी आणली, तुला द्यायला. मी म्हटलं की अगं, ती आता कॉम्प्युटरवर काढते. तर म्हणाली की मला माहीत आहे, आई, राहू दे. ती डबीही ट्रंकेत ठेवली आहे. कुलूप घातलं नाही.

चित्र गेल्यापासून पंपाची भिंत उघडी आहे. पहिल्या दिवशी मी मग्गा हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. मग टोपी काढली, पाणी ओतलं, टोपी घट्ट केली, अंगठा लावला. चढलं की पाणी! म्हणजे इतके दिवस मला सगळं पाठच होतं आणि मी उगाच बघत होते. हे यंत्रवाल्यांना सांगू नकोस, त्यांना वाटेल की चित्राची गरजच नाही. आणि मला दुसरं काढून दे. पाठ असलं म्हणून काय झालं, पाणी चढेपर्यंत बघायला काहीतरी लागतं.

काल दोघांचा निरोप आला. चित्र परत आणून द्यायचं आहे, तुला भेटायचं आहे, आणि बाई येताना त्यांच्याकडची सगळ्यात नवी कामगारीण बरोबर आणणार आहेत, तिचा हात तुला बघता यावा म्हणून. यंत्रवाल्यांना यावेळी मी आत, खिडकीपाशी, चांगल्या खुर्चीवर बसवणार आहे. ते मात्र म्हणतायत की बाकच बरा होता.

शनिवारी ता. ६ डिसेंबरला चार वाजता येतो म्हणाले आहेत. म्हणजे तीनला येतील. तू दोनला पोच.

तुझी
आजी